भिंतीवरची दोन पानं

आमच्या वाचनालयाने जानेवारीत जुन्या माहितीपटांची एक संध्याकाळ ठेवायचं ठरवलं आणि निवडीचं काम आम्हा तिघांवर आलं. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं छोटं वाचनालय, चाळीस खुर्च्या आणि उसना आणलेला प्रोजेक्टर. जमवलेल्या फितींत गोव्यावरची एक होती. कृष्णधवल, अकरा मिनिटांची. सुरुवातीचा तुकडाच गेलेला, त्यामुळे नाव, साल, कुणी केली, काहीच कळायला मार्ग नव्हता.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी वहीत एकच शब्द लिहिला: ‘वगळावी’. माड, मग देऊळ, मग चर्च, मग खनिजाच्या बार्जी, आणि पुन्हा माड. एकातून दुसरं उमलत नाही. एकही माणूस स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. हिंदी निवेदक मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रगतीचे गोडवे गातो.

सगळ्यात जिव्हारी लागला तो मानशीचा प्रसंग. आपल्या खाजनांतली, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांतली, मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी रेटा देतं तसं ते मिटतं, ओहोटीला आपसूक उघडतं, आणि बाहेर धावणाऱ्या पाण्याला जाळं लावून मासळी धरतात. फितीत एक म्हातारा मानशीवर जाळं बांधताना दिसतो. ओल्या दोरीची गाठ तो दातांनी आवळतो, इतकं जवळून टिपलंय. आता पाणी फिरणार, दार उघडणार, जाळ्यात काय येतं ते दिसणार, तोच कॅमेरा माडांच्या शेंड्यांकडे वळतो. गोष्ट समोर उभी होती आणि हे लोक पाठ फिरवून गेले!

काळाची अडचण मला ठाऊक होती. तेव्हा बाहेरचं चित्रण बहुतेक मुकंच व्हायचं, आवाज नंतर स्टुडिओत चढवायचे. थिएटरात मुख्य सिनेमाआधी असे सरकारमान्य पट दाखवणं सक्तीचं होतं आणि हजार फुटांची एक रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटं, म्हणून तेवढ्यात बसवायचं. पण म्हाताऱ्याकडे आणखी दहा सेकंद बघायला कुणी अडवलं होतं?

दुसऱ्यांदा फीत लावली तेव्हा शेजारच्या काकी सहज येऊन बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. सायकलवरून जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला, पडद्यावर आला आणि त्या एकदम कोकणीत म्हणाल्या, “राव, राव! फाटीं घे.” थांब, मागे घे.

मी मागे घेतलं, चित्र थांबवलं. पोदेराच्या मागे चुन्याची भिंत होती. तिच्यावर रंगवलेली दोन पानं, आणि शेजारी अर्धवट पुसलेलं फूल. जेमतेम चार सेकंद.

१६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. हे आकडे मला पाठ होते. काकींना त्या आकड्यांआधीचे दिवस पाठ होते. सासरे फुलाचे, नवरा पानांचा. “महिनाभर दोघं एका पंगतीला बसले नाहीत. मी दोनदा वाढायचे,” त्या म्हणाल्या. माझ्याही आजोळी फुलाचा प्रचार झालेला, त्यामुळे मला पुढे काही विचारवेना.

मग मी ती फीत नव्याने पाहायला बसलो. भिंतीवरचा रंग ताजा दिसत होता, म्हणजे चित्रण बहुधा त्याच हिवाळ्यातलं, निदान पुढच्या पावसाने भिंत धुण्याआधीचं. पणजीच्या धक्क्यावर पलीकडच्या काठावरच्या बेतीची फेरीबोट लागत होती आणि मांडवीवर पूल नव्हता. पुढे जो नेहरू पूल झाला तो ५ जुलै १९८६ ला कोसळला. इथे नदी अजून मोकळी होती. कडेकडेला असं कितीतरी सापडत गेलं, जे दाखवायचं म्हणून कुणी दाखवलेलं नव्हतं.

आमच्यापैकी एकाचं मत पडलं, निवेदन काढून टाकू आणि कामाची चार मिनिटं तेवढी दाखवू. मी हट्टाने नको म्हटलं. आपण कुणाचे, यावर घराघरांत पंगती मोडत होत्या आणि निवेदक त्याच भिंतीसमोरून नारळाचं पीक सांगत पुढे जात होता. ते गप्प राहणंही त्या काळाचा पुरावा आहे, आणि सगळं निवेदन ऐकल्याशिवाय ते टोचत नाही. मात्र फितीला चांगली म्हणायलाही मी तयार नव्हतो. निमंत्रणात स्पष्ट लिहिलं: मांडणी कमकुवत, चित्रण मोलाचं. एकदा जशीच्या तशी पाहायची, नंतर आवाज बंद करून, जिथे कुणी ‘थांब’ म्हणेल तिथे थांबत.

पहिल्या खेपेला लोक चुळबुळले, दोघं उठून गेले. दुसऱ्या खेपेला अकरा मिनिटांची फीत पाऊण तास चालली. भिंतीपाशी तर चांगलीच अडली. एक आजोबा म्हणाले, ही भिंत माशेलची. दुसऱ्यांनी ठासून सांगितलं, बांदोड्याची. वहीत ‘वगळावी’ खोडून मी दोन्ही गावं लिहिली आहेत. येत्या रविवारी त्या चौकटीचा छापील फोटो घेऊन दोघांबरोबर जायचं ठरलंय, आधी माशेलला.