पैकीच्या पैकी

सहावीच्या दशांश अपूर्णांकांच्या घटक चाचणीत एका मुलीला पैकीच्या पैकी गुण होते. आणि पेपर परत द्यायच्या दिवशी मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो तिनेच.

चाचणीतला प्रश्न नेहमीचा : मोठी संख्या कोणती? ०.६ की ०.४५, ०.८ की ०.१२५, अशा जोड्या. अंक जास्त तर संख्या मोठी, असं ज्या मुलांना वाटतं ती इथे हमखास अडकतात. ही चूक गणिताच्या शिक्षकांना तोंडपाठ असते, त्यामुळे प्रश्नही बहुतेक तिलाच पकडायला काढलेले असतात.

पेपर वाटण्याआधी मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. ०.३ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या कोणती? कारण एका ओळीत लिहा. लगेच एक आवाज आला, "बाई, याला किती मार्क?" म्हटलं, शून्यापैकी शून्य.

चिठ्ठ्या टेबलापाशी उभ्या उभ्याच चाळल्या. त्या मुलीने लिहिलं होतं, "०.३ मोठा. कारण दशांश मोठा असतो आणि शतांश लहान."

दिलेलं कारण खरं आहे, हीच तर पंचाईत. एक दशांश एका शतांशापेक्षा मोठाच. पण त्यावरून तिने मनाशी नियम बसवला होता : दशांशचिन्हापुढे अंक जितके कमी, तितकी संख्या मोठी. चाचणीतल्या प्रत्येक जोडीत नेमकी कमी अंकांचीच संख्या मोठी होती, त्यामुळे हा नियम एकदाही उघडा पडला नाही. उलट तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाची चाचणीत दाणादाण उडाली होती आणि चिठ्ठीतलं उत्तर मात्र बरोबर. त्याचं कारण : "४५ हे ३ पेक्षा मोठे."

नुसते गुण बघितले असते तर तो जादा तासाला बसला असता आणि ती सुटली असती.

पेपर मी कपाटातच राहू दिले. १९८८ साली शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला नेहमी आठवतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. कामगिरी सुधारली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. शेऱ्याशेजारी गुण आले की शेऱ्याचा उपयोग संपला. वर्गात हे रोज दिसतं. आकडा बघून झाला की वही बंद.

मग चिठ्ठ्यांवरून जोड्या लावल्या, मुद्दाम उलट्या विचारांच्या. या दोघांना दहा बाय दहा चौकटींचा कागद दिला.

"पंचेचाळीस असले म्हणून काय झालं? बारीक तुकडे आहेत ते!"

"पण आहेत ना पंचेचाळीस?"

तिने तीन उभ्या पट्ट्या रंगवल्या. तो कुठेही चौकटी भरत सुटला, तशी ती वैतागून म्हणाली, "अरे, ओळीने रंगव ना." त्याने दुसऱ्या कागदावर ओळीने रंगवलं. चार पट्ट्या भरल्या आणि वर पाच चौकटी. ती कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे याच्यात चार दशांश आहेतच की!"

मी म्हटलं, आता ०.६ रंगवा. सहा पट्ट्या पूर्ण झाल्या तेव्हा गप्प व्हायची पाळी त्याची होती.

गुण नंतर नोंदवहीत गेलेच, ते कुणाला चुकतात! पण पुढच्या चाचणीसाठी दोन्ही नियम पकडतील अशा जोड्या आम्ही मिसळून टाकल्या, आणि एका तरी प्रश्नाला कारण लिहायची सक्ती ठेवली. तपासायला वेळ जास्त लागतो, हे खरं.

काही दिवसांनी दुसरी चिठ्ठी दिली : ०.५ आणि ०.५०. तिने लिहिलं, "सारखेच. वर शून्य शतांश आहेत." त्याने लिहिलं, "०.५० मोठा. कारण पाच दशांश आणि वर आणखी काहीतरी."

पुढचा अर्धा तास त्या 'काहीतरी'वर गेला.