पळसाला पान काढू नकोस!

"ही कुठली गं फुलं?" सासूबाईंनी चष्मा पुसून केकवर वाकत विचारलं.

"चेरी ब्लॉसम. वसंत आहे ना, आई."

"कुणाच्या अंगणातला?"

झालं! तासभर खपून काढलेली ती गुलाबी फुलं तशीही घसरायला लागली होती. नाशकातला मार्च, त्यात पायपिंग बॅग, म्हणजे क्रीमची फुलं काढायची पिशवी, धरून हात गरम. नवशिक्यांनो, बॅगेत थोडं थोडंच क्रीम भरा, बाकीचं फ्रीजमध्ये. मला हे शहाणपण नेहमी नंतर सुचतं.

फुलं खरवडली. केक अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला. मग आईच म्हणाल्या, "पळस काढ की. त्र्यंबकला जाताना दिसतो तो."

आणि पळस सोपा निघाला हो! पाकळीचं नोझल (बॅगेच्या टोकाला लावायची तोटी) बाजूलाच राहिलं. पानाचं 352 नंबरचं घेतलं, केशरी क्रीम, दाबायचं, ओढायचं, सोडायचं. पोपटाच्या चोचीसारखं टोक आपोआप येतं. बुडाशी चॉकलेटचा काळपट ठिपका. फांदीही चॉकलेटचीच, वाकडी झाली तर जास्त खरी वाटते.

हुरूप येऊन मी हिरवी बॅग उचलली. आईंनी मनगटच धरलं. "पळस ऐन फुलतो तेव्हा पान कुठे असतं झाडाला?"

'पळसाला पानं तीनच' हे मी हजारदा म्हटलंय. फुललेला पळस मात्र दरवर्षी गाडीच्या काचेतूनच पाहिला, तोही मोबाइलमधून मान वर केली तर.

तुमच्या खिडकीतून आत्ता काय फुललेलं दिसतंय?