‘निरंक’ लिहिण्याआधी बांधावर कुणी गेलं होतं का?

केळीच्या पट्ट्यात वादळ येऊन गेलं की रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला पहिली काळजी पंचनाम्याची असते. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर आले का, गट नंबर बरोबर टाकला का, आडवी पडलेली झाडं मोजली की चावडीवर बसूनच आकडा ठोकला? नुकसान 33 टक्क्यांच्या खाली दाखवलं की सरकारी मदत बुडाली. आणि अहवालात गावाच्या नावापुढे ‘निरंक’ आलं तर त्याचे अर्थ दोन निघतात. एक, नुकसान झालंच नाही. दुसरा, बघायला कुणी गेलंच नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

युद्धात सामान्य माणसं मारली गेल्याची बातमी येते आणि पाठोपाठ सरकारी खुलासा येतो, तेव्हा हाच फरक पकडून ठेवायचा. ‘असं घडलं नाही’ हा दावा आहे. ‘आमच्याकडे तशी विश्वसनीय माहिती नाही’ हा दावा नाही, ती फक्त आपल्या दप्तराची स्थिती आहे. खुलाशात बहुतेक वेळा दुसरं वाक्य असतं आणि मथळ्यात पहिलं छापून येतं.

दप्तर रिकामं का राहतं, याचा हिशोब उपलब्ध आहे. इराक-सीरियातल्या हवाई हल्ल्यांत नागरिक मेल्याच्या तक्रारींबाबत अमेरिकी लष्कराने स्वतः केलेल्या 1,311 पडताळण्यांची कागदपत्रं न्यूयॉर्क टाइम्सने मिळवली आणि डिसेंबर 2021 मध्ये छापली. त्यांपैकी एकाच प्रकरणात तपास करणारे प्रत्यक्ष जागेवर गेले होते आणि दोनच प्रकरणांत वाचलेल्यांशी किंवा साक्षीदारांशी बोलले होते. बाकी पडताळणी विमानातून घेतलेल्या चित्रफिती आणि आपल्याच नोंदी बघून. चित्रफितीत छपराखालचा माणूस दिसत नाही. घरात झोपलेलं कुटुंब दिसलं नाही म्हणून ते नव्हतं, असा निष्कर्ष निघतो आणि तक्रार बंद होते.

गावाच्या नावाचा घोळही असाच महागात पडतो. आपल्याकडे कुणी नुसतं ‘पिंपळगाव’ म्हटलं तर लगेच विचारतात, कोणतं? हरेश्वरचं की बुद्रुक? अरबी नावं रोमन लिपीत लिहिताना एकाच वस्तीची तीन-चार स्पेलिंगं होतात. तक्रारीतलं नाव लष्कराच्या नकाशावर जुळलं नाही की ‘त्या ठिकाणी आमचा हल्ला झालेला नाही’ असा शेरा बसतो.

काबूलचं प्रकरण बारकाईने बघण्यासारखं आहे. 29 ऑगस्ट 2021 ला अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर हेलफायर क्षेपणास्त्र टाकलं. ती गाडी जवळपास आठ तास नजरेखाली होती. गाडीत स्फोटकं आहेत असा समज होता. प्रत्यक्षात ते पाण्याचे कॅन होते आणि गाडी चालवणारा माणूस एका अमेरिकी मदत संस्थेचा कर्मचारी होता. सांगितलं असं गेलं की क्षेपणास्त्रानंतर दुसरा मोठा स्फोट झाला, म्हणजे गाडीत स्फोटकं होतीच. तो दावा पत्रकारांनी तिथल्या अंगणात उभं राहून तपासला. मोठा दुसरा स्फोट झाला असता तर आवाराच्या भिंती फुटल्या असत्या. भिंती उभ्या होत्या आणि शेजारच्या लोखंडी फाटकाला फक्त पोचा आला होता. हल्ल्यानंतर तीन दिवसांनी अमेरिकेचे सेनादल प्रमुख जनरल मिली यांनी हल्ला योग्यच होता असं सांगितलं होतं. 17 सप्टेंबरला तिथल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी चूक कबूल केली. मृत दहा, त्यात सात मुलं. डिसेंबरमध्ये ठरलं की शिक्षा कुणालाच नाही.

हे सगळं हाती लागलं ते पत्रकारांना त्या अंगणात पाय ठेवता आला म्हणून. जिथे पाय ठेवता येत नाही तिथे असे किती खुलासे तसेच राहिले असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

कधीकधी खुलाशातच विसंगती असते, पण वाचणारा बेरीज करत नाही. माय लाय, व्हिएतनाम, 16 मार्च 1968. अमेरिकी लष्कराच्या निवेदनात शत्रूचे 128 मृत आणि हस्तगत हत्यारं 3. सव्वाशेच्या वर लढवय्ये आणि बंदुका तीन? हा प्रश्न त्याच दिवशी विचारता आला असता. अमेरिकी सैनिकांनी गावातली नि:शस्त्र माणसं मारली, ही खरी बातमी बाहेर यायला नोव्हेंबर 1969 उजाडलं. मृत गावकऱ्यांचा अमेरिकी लष्कराचा नंतरचा आकडा 347, व्हिएतनामचा 504.

म्हणून जागेवर असलेल्या माणसाने काय टिपायचं, हे महत्त्वाचं. तारीख आणि स्थानिक वेळ, सोबत जागतिक प्रमाणवेळ. गावाचं नाव स्थानिक लिपीत आणि शेजारी अक्षांश-रेखांश. फोटो आधी लांबून, मग जवळून. जवळच्या फोटोत मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर आकार दाबला जातो आणि वेळ-ठिकाणाची आतली माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल टिकते. न फुटलेल्या बॉम्बला हात लावायचा नाही. फुटलेल्या तुकड्यांवर आकडे असतील तर तेवढे नीट दिसतील असा फोटो काढायचा. आपल्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातल्या काडतुसाच्या बुडाशी ‘ओएफव्ही’ आणि वर्ष ठोकलेलं असतं, तशाच खुणा क्षेपणास्त्राच्या भागांवरही असतात. त्यावरून माल कुठून आला ते शोधता येतं. उपग्रहाची मोफत चित्रं मिळतात, पण सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 मीटरचा. जळालेलं शिवार त्यात कळतं, एक पडलेलं घर कळेलच असं नाही.

मृतांची यादी करताना सगळ्यात जास्त चुका होतात. नाव, वडिलांचं नाव, वय, नातं, मृतदेह कुठे सापडला आणि हे कुणी सांगितलं. दवाखान्याचं रजिस्टर आणि दफनभूमीची नोंद वेगवेगळी ठेवायची, घाईने एकत्र करायची नाही. एकच माणूस दोन स्पेलिंगांनी दोनदा आला की तेवढं एक नाव दाखवून अख्खी यादी खोटी ठरवली जाते. यादीत एखादा लढवय्या असेल तर तसं लिहावं, लपवू नये.

आता जबाबदारी कुणाची? युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांचा 1977 चा पहिला पूरक करार सांगतो की शंका असेल तर माणूस नागरिक समजायचा, आणि हल्ल्याआधी लक्ष्य खरंच लष्करी आहे का याची शक्य तेवढी खात्री करायची. भारत या पूरक कराराचा सदस्य नाही. 1949 चे मूळ करार मात्र आपण मानतो. पण कायद्याच्या आधीही एक गोष्ट उरते. माहिती घेणं ज्याच्या हातात होतं त्याने ती घेतली नाही, तर ‘माहीत नव्हतं’ ही त्याची सबब मी मानत नाही. नेदरलँड्सच्या विमानांनी जून 2015 मध्ये इराकमधल्या हवीजाला बॉम्बचा कारखाना उडवला आणि आजूबाजूचे सुमारे 70 जण मेले. संसदेला आणि जनतेला आपलाच हात होता हे सांगायला सरकारला नोव्हेंबर 2019 लागलं.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. नागालँडमधलं ओटिंग, 4 डिसेंबर 2021. कोळसा खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्करी तुकडीने गोळ्या झाडल्या, सहा जण गेले. त्यानंतरच्या गोंधळात त्याच रात्री आणखी गावकरी मारले गेले, एक जवानही. दोन दिवसांनी लोकसभेत सांगितलं गेलं की गाडीला थांबायचा इशारा केला होता, ती पळायला लागली. लष्करी तुकडीने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही असं म्हणत राज्याच्या विशेष तपास पथकाने 30 जवानांवर आरोपपत्र ठेवलं. खटल्याला केंद्राने मंजुरी नाकारली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली. मंजुरी मिळाली तर ती पुढे चालू शकते, एवढं निकालपत्रात लिहून ठेवलं आहे.