नोपाल शिकायचाय? वर्गाचे पैसे वाचवा, मिल्पा आल्ताला जा

मेक्सिको सिटीत पर्यटकांसाठी चालणाऱ्या एका स्वयंपाकवर्गाला मी १,२०० पेसो मोजले. पेसो म्हणजे आपले पाच रुपयांच्या आसपास, हिशेब तुम्हीच करा. ‘शेतातून थेट ताटात नोपाल’, म्हणजे खायच्या निवडुंगाची ताजी भाजी, असं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात शिकवणाऱ्या बाईंनी बरणी उघडली, खारवलेले तुकडे निथळले, त्यात टोमॅटो-कांदा घातला आणि झालं. काटे कसे काढायचे, बुळबुळीतपणा कसा घालवायचा, काही नाही. वर ‘मधुमेह मुळापासून जातो’ म्हणत नोपालच्या कॅप्सूल पुढे केल्या, ४५० पेसो बाटली. माझ्या बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मी बाटली घेतली. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

नोपाल म्हणजे आपल्याकडच्या फड्या निवडुंगाचा सख्खा भाऊबंद. त्याची कोवळी फडी तिथे भेंडी-गवारीसारखी रोजची भाजी आहे. मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड बसलाय तोही नोपालवरच.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मिल्पा आल्ताला गेले. हा भाग मेक्सिको सिटीच्याच हद्दीत, पण पार दक्षिणेला डोंगरउतारावर आहे, आणि शहराला लागणारा बराचसा नोपाल इथूनच येतो. मेट्रोच्या निळ्या २ नंबरच्या मार्गाने शेवटच्या तास्केन्या स्थानकापर्यंत सुखात जाल. खरा त्रास पुढच्या बसचा. मला दोन तास लागले, त्यातला निम्मा वेळ गाडी जागची हलत नव्हती. उभं राहायलाही जागा नाही, खिडकी उघडत नाही, नंतर वळणांचा चढ. शहरच मुळात २,२४० मीटरवर, त्यात ही आणखी उंची, उतरल्यावर चार पावलांत धाप लागली. सातच्या आत तास्केन्या सोडा. पोट रिकामं ठेवू नका, आणि तुडुंबही भरू नका. परतीला चारनंतर निघालात तर तोच छळ पुन्हा.

पण उतरलात की सगळं विसराल. दगडी गडग्यांमध्ये नोपालच्या हिरव्यागार ओळी, आणि मंडईत कापलेल्या फड्यांचे माणसाएवढे उंच गोल ढीग, एकावर एक चक्राकार रचलेले. काटे साफ करणाऱ्या एका सेन्योरांजवळ, म्हणजे बाईंजवळ, मी उभी राहिले. अर्धा किलो घेतला, वीस पेसो. मला शिकवाल का, असं मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. त्यांनी बाजूची बादली उलटी करून मला बसायला दिली. बाराशे पेसोंत जे मिळालं नव्हतं, ते पुढच्या तासाभरात मिळालं.

आधी फडीची कड गोलाकार छाटायची, देठाकडचा कठीण भाग उडवायचा. मग सुरी आडवी, जवळजवळ टेकवून, आपल्यापासून लांब सरकवत न्यायची. काट्यांची मुळं तेवढी उडाली पाहिजेत, हिरवी साल राहिली पाहिजे. मोठे काटे दिसतात, त्यांचं भय नाही. भय आहे ते आवात्यांचं. हे केसाहून बारीक काटे कुसळांसारखे कातडीत घुसतात आणि दिसतही नाहीत. जाड हातमोजे न्याच. मी नेले नव्हते, तीन दिवस बोटं ठणकत होती. घुसलेच तर चोळू नका, तोंडाने ओढू नका. चिमट्याने निघतील तेवढे काढा, उरलेल्यांवर पांढरा गोंद लावून वाळू द्या आणि पापुद्रा सोलून काढा.

दुसरी गोष्ट बुळबुळीची. स्पॅनिशमध्ये तिला ‘बाबा’च म्हणतात, सेन्योरा तो शब्द उच्चारायच्या तेव्हा मला दर वेळी घर आठवायचं. अनेक जण फोडी कांदा, मीठ आणि हिरव्या तोमातेची (टोमॅटोसारखं आंबट हिरवं फळ) वरची कागदी सालं घालून उकळतात, मग ते पाणी फेकून देतात. मला सेन्योरांची पद्धत शंभर पटीने पटली. बोटभर लांब फोडी, जाड बुडाच्या कढईत, पाणी अजिबात नाही, चमचाभर तेल, कांदा, लसूण. मीठ घातलं की भाजी स्वतःचंच पाणी सोडते, तार सुटते, घाबरू नका. झाकण न ठेवता मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता, तार आटून जाते. भेंडी करणाऱ्याला हे सांगायला नको. वरून कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू. मुळातच आंबूस चव असते, म्हणून लिंबू बेतानं. आणि हा आंबटपणा तोडणीच्या वेळेवर ठरतो. हे झाड रात्री हवा आत घेऊन आम्ल साठवतं आणि दिवसा उन्हात ते वापरतं. म्हणून पहाटे तोडलेली फडी जास्त आंबट, दुपारनंतरची सौम्य.

खायचं काय, तर त्लाकोयो. निळ्या मक्याची लांबट जाड भाकरी, आत वाटलेला घेवडा किंवा दुसरं कडधान्य, तव्यावर कोरडी भाजलेली, आणि वर नोपाल, साल्सा, थोडं चीज. दोन खाल्ले की दुपार निघते. शाकाहारी असाल तर आधी ‘येवा मान्तेका?’ विचारा. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, ती घेवड्यात असू शकते. अख्खी फडी चिरा देऊन भाजलेली मिळते तीही घ्या. नोपाल-अननसाचा हिरवा रस मात्र टाळा. साखरेच्या पथ्यासाठी गेलेल्या माणसाने फळांचा रस कशाला प्यायचा?

आता औषधाचं. १०० ग्रॅम कच्च्या नोपालमध्ये जेमतेम १६ कॅलरी, दोनेक ग्रॅम चोथा आणि भरपूर कॅल्शियम. जेवणासोबत खाल्ला तर साखर कमी चढते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, इतकंच. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून खा, साखर जास्त उतरू शकते. ऑक्झलेट आहे, त्यामुळे मूतखडेवाल्यांनीही विचारून घ्यावं. कॅप्सूल मी कचऱ्यात टाकल्या.



ताज्या फड्या विमानातून आणायच्या भानगडीत पडू नका. आणि घरी येऊन उत्साहाने कुंपणावरचा कुठलाही निवडुंग तोडू नका. कापल्यावर पांढरा चीक आला तर तो नोपाल नाहीच, तो चीक विषारी असतो, डोळ्यात गेला तर फार वाईट. फड्या निवडुंगाला चीक नसतो. तरी आपल्याकडचा बांधावरचा बहुधा जून आणि भयंकर काटेरी असतो. मी बिनकाट्याच्या जातीची एक फडी रोपवाटिकेतून आणून कुंडीत लावली आहे. दोन कोवळ्या फड्या फुटल्यात, तळव्याएवढ्या झाल्या की बाबांसाठी पहिली कढई चढवणार.