गाणं रिलीज करण्याआधी एक पान लिहून काढा

स्वतः लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्या आणि गाणाऱ्या मंडळींचे पैसे बुडतात ते बहुधा एकाच जागी. गाणं एक असलं तरी मिळकती दोन असतात. रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, ही एक. शब्द आणि चाल ही दुसरी. स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिकवरून डिस्ट्रिब्युटर (तुमचं गाणं या अ‍ॅप्सवर पोहोचवणारी कंपनी) पैसे आणून देतो ते मास्टरचे. शब्द-चालीची रॉयल्टी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, गोळा करते. १९६९ पासूनची ही संस्था. तिथे आधी सभासद व्हायचं आणि मग प्रत्येक गाणं वेगळं नोंदवायचं. ही दुसरी पायरी फार जण विसरतात. मग गाणं वाजत राहतं, पण रक्कम कुणाच्या नावे टाकायची हे संस्थेला कळत नाही.

नोंदणीला लागते टक्केवारी, आणि ती गाणं गाजल्यावर ठरवायला बसलं की भांडणं होतात. म्हणून स्प्लिट शीट, म्हणजे कुणाचा किती वाटा हे लिहिलेलं एक पान, स्टुडिओतच भरा: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा वाटा किती (बेरीज १००), मास्टर कुणाचा, सगळ्यांच्या सह्या. खरी गोम अरेंजरपाशी, म्हणजे गाण्याचं वाद्यसंयोजन करणाऱ्यापाशी असते. सुरुवातीचा बासरीचा पीस त्याने रचला असेल, तर तो पीस मानधनात आला की चालीत त्याचा वाटा आहे? एक ओळ लिहा. त्याने सॅम्पल पॅकमधला (तयार आवाजांच्या संचातला) ढोलकीचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, जसाच्या तसा वापरला असेल तर तेही विचारून घ्या. तोच लूप इतरांच्या गाण्यांतही असतो, त्यामुळे अशा गाण्याला डिस्ट्रिब्युटरकडे यूट्यूब कंटेंट आयडी (दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) लावू नये. लावलं की दुसऱ्याच्या व्हिडिओवर चुकीचे दावे जातात.

डिस्ट्रिब्युटरला द्यायची फाइल २४ बिट वेव्ह (WAV), कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. अपलोड चार आठवडे आधी करावं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला रिलीजआधी किमान ७ दिवस हातात लागतात. नावाचं स्पेलिंग दर वेळी तेच ठेवा, नाहीतर दुसरं प्रोफाइल तयार होतं. डिस्ट्रिब्युटर बदलताना जुनाच १२ अक्षरी आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा क्रमांक) द्या. नवा घेतलात तर आधीचे स्ट्रीम मागे राहू शकतात.

लेबलने, म्हणजे संगीत कंपनीने, करार पुढे केला तर ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, एकरकमी’ या ओळीपाशी थांबा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा अशा सहीने जात नाही, हे ठामपणे सांगा. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत.

अभंग घेणाऱ्यांनी एवढं पाहावं: तुकोबांचे शब्द सर्वांना मोकळे आहेत, पण तुमच्या कानात बसलेली चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते. संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं त्या चालीवर हक्क राहतो. तेव्हा परवानगी घ्या, नाहीतर नवी चाल बांधा.