चेक घेतलात, मग आता विरोध कसला?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, तेराव्याला विचारला गेलाय. राजापूरच्या एसटी स्टँडवर तर दर खेपेला कुणीतरी विचारतंच. जैतापूर अणुप्रकल्पात गेलेल्या माडबनच्या जमिनीचे पैसे घेतलेत ना? मग अणुप्रकल्पांना सरकारी पैसा देऊ नका असे अर्ज कसले करता? विचारणाऱ्यांत गावचे आहेत, मुंबईचे चाकरमानी आहेत, माझा सख्खा भाचाही आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगतो.

हो, घेतला. २०१३ साली मोबदला वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख केला, त्यानंतर घेतला. जमीन २०१० मध्येच संपादनात गेली होती, ती आम्ही विकली नाही. आमच्या हातात एकच गोष्ट उरली होती, चेकला हात न लावणं. तीन वर्षं गावातली बहुतेक घरं तेवढ्यावर टिकून होती.

त्या वर्षी शिमग्याला दादा नालासोपाऱ्याहून आला. त्याची बिल्डिंग पडायला आलेली, मुलीची कॉलेजची फी थकलेली. पुढच्या अंगणात पालखी नाचत होती आणि आम्ही दोघे मागच्या पडवीत हळू आवाजात भांडत होतो. तो म्हणाला, "जमीन गेलीच आहे. तुझ्या हट्टाने ती परत येणार आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पैसे हवे होते. दादाच्या अडचणीआड मी लपलो. आजवर कुणी विचारलं की मी दादाचीच अडचण पुढे करत आलो. आज करत नाही.

खातं सामाईक होतं, आईची सही लागणार होती. २०११ च्या मोर्चात ती पुढच्या रांगेत होती, जेलभरोच्या वेळी दुपारभर पोलिसांच्या गाडीत बसली होती. आम्ही विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सही होयी तर घेवा. माका इचारू नका." कचेरीत तिने प्रत्येक कागदावर शाळेतल्यासारखं एकेक अक्षर जोडून नाव लिहिलं. तिथे आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही, उलट तिला खुर्ची दिली. परतताना रिक्षात ती साखरी नाटे गावाच्या बाजूच्या खाडीकडे बघत राहिली. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "आता मोर्चाक माका कोण बोलवतलो?"

कुणी बोलावलं नाही. मीही नाही. पाच वर्षांनी ती गेली.

माझा विरोध तिथून सुरू होतो, हे तुम्हाला पटवायला मला इतकी वर्षं लागली. आम्ही नाही म्हणत राहिलो आणि दर वाढत गेला. आमच्या एकाही शंकेचं उत्तर न देता तो वाढवता आला, कारण ज्याला वाढवायचा होता त्याच्या खिशाला चिमटा बसत नव्हता. प्रकल्प उभारणारी कंपनी सरकारी, पैसा सगळ्यांचा. स्वतःचं भांडवल घालणारा आधी बसून हिशेब करतो, विजेचं युनिट मला कितीला पडेल? इथे तो प्रश्न कुणाला पडायची गरजच नव्हती.

माडबनला ज्या जातीच्या सहा अणुभट्ट्या यायच्या आहेत, तीच एक फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला बांधायला घेतली २००७ मध्ये. अंदाज ३.३ अब्ज युरोंचा, मुदत २०१२. ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये आणि बांधणाऱ्या कंपनीच्याच हिशेबाने खर्च १३ अब्जांच्या वर. फिनलंडमधल्या तशाच भट्टीचं काम २००५ ला सुरू झालं, ती नियमित वीज द्यायला लागली २०२३ मध्ये. अरेवा या ज्या फ्रेंच अणुकंपनीशी २०१० मध्ये आपण करार केला, ती तोट्यात बुडाली आणि फ्रेंच सरकारला तिच्यात अब्जावधी युरो ओतावे लागले. त्यांच्या करदात्याने ते सोसलं. आपल्या करदात्याने का सोसावं? आणि २०१० च्या कायद्यात अपघात झाला तर प्रकल्प चालवणाऱ्याची जबाबदारी दीड हजार कोटींवर थांबवली होती. त्याच्यावरचं कुणी भरायचं? सरकारने, म्हणजे पुन्हा आपणच. याला कुणी अनुदान म्हणत नाही, मी म्हणतो. आपल्याच जिल्ह्यात दाभोळला सरकारी हमीवर उभा राहिलेला प्रकल्प १९९९ ला सुरू झाला आणि २००१ ला बंद पडला, कारण ती वीज परवडेना. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आता २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी वीस हजार कोटी ठेवले, तेव्हा मी पुन्हा अर्ज लिहिला.

२०११ चा मी हे काही बोलत नव्हतो. फुकुशिमा नुकतंच झालं होतं. आंब्याला मोहोर धरणार नाही, समुद्रात मासा उरणार नाही, असं मी माईकवरून ठासून सांगत होतो. मासेमारांची भीती मला आजही खरी वाटते, पण आंब्याचं मी सिद्ध करू शकलो नसतो आणि तरी बोललो. भाचा वीज कंपनीत इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "मामा, तारापूर १९६९ पासून चाललंय, वीजही स्वस्त दिली. कोळशाने माणसं मरत नाहीत का?" मरतात. तारापूरही अमेरिकेच्या सवलतीच्या कर्जावर उभं राहिलं, असं मी त्याला सांगतो. तो म्हणतो, म्हणूनच तर स्वस्त पडलं, म्हणजे मदत हवीच. तिथे आमचं भांडण अडकतं.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त बोचतो. माझ्या छपरावर सौर पॅनल आहेत आणि त्यांचं अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान मी घेतलंय. तेही सरकारीच. मी म्हणतो, ते काम काही दिवसांत पुरं झालं, वीज त्याच महिन्यात आली आणि पॅनल वर्षागणिक स्वस्त होतायत. अणुभट्टी मात्र बांधता बांधता महाग होत जाते. तो विचारतो, आणि रात्री? पावसाळ्यात? चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा मी ग्रिडचीच वीज वापरतो, आणि त्या ग्रिडमध्ये तारापूरची वीजही असते. हे मला नाकारता येत नाही.

परवा एकाने विचारलं, प्रकल्प रद्द झाला तर पैसे परत कराल का? परत करायला ते उरलेले नाहीत. दादाच्या खोलीत गेले, पुतणीच्या फीत गेले, आमच्या विहिरीत गेले. आईच्या वाट्याचे आईच्या औषधात गेले. अर्ज मात्र मी करत राहणार, आणि तुम्ही पुन्हा विचारलंत तर चेक घेतला हेही सांगणार.