तिसऱ्या आठवड्यातली आमटी

जून 2025 च्या पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि माझा उजवा हात मनगटापाशी मोडला. त्या वर्षी पुण्यात पाऊस मे महिन्यातच आला होता, पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. ते निघाल्यावरही निदान दीड महिना लाटणं, पिळणं, जड उचलणं बंद, असं बजावलं. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. आईंचं वय 78, मधुमेह आहे, पुढचे दात गेलेत. नवऱ्याला तोवर चहापलीकडे काही येत नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस शेजारणींनी निभावून नेले. एकीकडून पोळ्या, दुसरीकडून भाजी. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तीन महिने दुसऱ्याच्या घरून ताट येत राहावं हे मनाला पटेना. दुपारी आई खुर्चीत बसून सांगतील तसा नवरा कुकर लावेल आणि रात्रीचा डबा बाहेरून घेऊ, असं ठरलं. डबा कुठून घ्यायचा याचा शोध मात्र सव्वा महिना चालला. आजारपणात, बाळंतपणात, नाहीतर आईवडील एकटे राहत असतील तर अशी वेळ कुणावरही येते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात ॲपवरच्या मासिक डब्यानं केली. आधी तीन दिवसांची चाचणी होती. पहिल्या दिवशी भरली वांगी, मऊ पोळ्या, ताकाची छोटी बाटली आणि वर खोबऱ्याची वडी. आईंनी वांगं बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "शिजलंय गं छान." तीनही दिवस तसेच गेले. मी लगेच महिन्याचे पैसे भरले. माणशी 120 रुपये, तिघांचे 26 दिवसांचे 9,360. भरताना पुढच्या महिन्यांसाठी यूपीआय ऑटोपेला, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला परवानगी मागितली, तीही दिली. तेव्हा हाताला कळ येत होती आणि एक काम संपलं याचंच बरं वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात पालख्या शहरात मुक्कामी होत्या. रस्ते बंद होते, डबा आलाच नाही. पालखीच्या दिवसांत पुण्यात कुणाला काही वेळेवर मिळत नाही, त्याबद्दल तक्रार करणं मला शोभणार नाही. पण दुपारी एक निरोप पाठवला असता तर नवऱ्यानं रात्रीचाही कुकर लावला असता. आई गोळी घेऊन साडेनऊपर्यंत वाट पाहत बसल्या. मधुमेहाच्या माणसाला गोळी घेऊन उपाशी ठेवणं किती धोक्याचं, हे ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना सांगायला नको.

खरा डबा कळला तो तिसऱ्या आठवड्यात. सोमवारी मटार, मंगळवारी छोले, बुधवारी मिक्स भाजी अशी नावं वेगळी, आणि खाली तीच कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही. मी डाव्या हातानं कॅलेंडरवर खुणा करायला लागले. सहा दिवसांत पाच वेळा बटाटा. आमटी इतकी पातळ की वाटीचा तळ दिसायचा. पोळ्या फॉइलमध्ये गरम असतानाच गुंडाळलेल्या, त्यामुळे तळाची पोळी वाफेनं ओली आणि वरची चामट. आई पोळी आमटीत कुस्करून बराच वेळ भिजत ठेवायच्या, तरी ती चावली जात नसे. महिनाअखेरीस त्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली. आषाढी एकादशीला नेहमीचाच कांदा घातलेला डबा आला. उपासाचा हवा असेल तर वेगळे पैसे भरून आदल्या रात्री नऊच्या आत नोंदवायचा होता म्हणे. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

डबा बंद करायला गेले तेव्हा 'बंद करा' हे बटण कुठे सापडेना. एका ठिकाणी 'थोडे दिवस थांबवा' होतं, पुढे सवलतीची पाटी, त्यापुढे 'आमचा प्रतिनिधी तुम्हाला फोन करेल'. फोन आला नाही. ग्राहकाला असं अडकवून ठेवणं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोडतं, वर्गणीचा सापळा हा त्यातलाच एक प्रकार. पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाचवलं ते एका मेसेजनं. आपोआप पैसे कापण्याच्या 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, तसा 11 जुलैला मेसेज आला की उद्या 9,360 रुपये जातील. अशी रक्कम 15,000 च्या आत असली की दर वेळी पिन विचारतही नाहीत, थेट जाते.

कंपनीच्या ॲपचा नाद मी सोडला आणि ज्या यूपीआय ॲपवरून परवानगी दिली होती तिथेच गेले. त्यात ऑटोपेचा वेगळा भाग असतो. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात, प्रत्येकीपुढे रद्द करायची सोय असते. पिन टाकला आणि दोन मिनिटांत काम झालं. चार दिवस न आलेल्या डब्यांच्या पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला फोन केला. मराठीत बोलता आलं. पैसे भरल्याची पावती, तारखा आणि ॲपवरच्या संवादाचे फोटो मागितले. बारा दिवसांनी 1,440 रुपये खात्यात जमा झाले. कॅलेंडरवरच्या डाव्या हाताच्या खुणा इथे कामी आल्या.

दरम्यान भाचीनं आणखी एक वाट दाखवली. आठवड्याला एक खोकं येतं, त्यात एका पदार्थाचं सगळं सामान मोजून दिलेलं असतं आणि कृतीचं कार्ड असतं. आपण फक्त शिजवायचं. पहिलं खोकं मसालेभाताचं होतं. नवऱ्यानं ओट्यावर सगळं मांडलं: तांदूळ, तोंडली, काजू, गोडा मसाला, हिंगाची बोटाएवढी पुडी. एका मसालेभातासाठी मी चौदा पुड्या मोजल्या. एवढं प्लास्टिक कचऱ्यात टाकताना जीव खालीवर झाला, आणि त्या पैशात वाण्याकडून चार वेळचं सामान आलं असतं. दोन खोक्यांनंतर आम्ही ते बंद केलं.

पण त्या दोन खोक्यांनी नवऱ्याला फोडणी शिकवली, हेही खरं. कार्डावर मोहरी तीस सेकंद परता असं होतं. तो घड्याळाकडे बघत होता. आई खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, घड्याळ ठेव बाजूला. कान दे. तडतड चालू आहे तोवर थांब, आवाज विरळ झाला की हिंग." तो वाकून कढईशी कान नेऊन उभा राहिला. मोहरी फुटली, दोन दाणे त्याच्या चष्म्यावर उडाले, आवाज कमी कमी होत गेला आणि त्यानं हिंग टाकला. घरभर जो वास सुटला तो पाच आठवड्यांनी सुटला होता. मी पलीकडच्या खोलीत होते, मला रडू आलं.

भाजीची साप्ताहिक पेटी घेतली ती मात्र अजून चालू आहे. पुरंदरकडचा एक शेतकरी गट दर शनिवारी देतो. पेटीत काय येईल ते शेत ठरवतं, आपण नाही. पावसाळ्यात करटोली आली, टाकळा आला, कुर्डू आला. एकदा शेवळं आली आणि आई एकदम सावध झाल्या. "काकडं आहेत का सोबत?" शेवळं घशाला खाजतात, म्हणून कोकणात काकडांच्या आंबट रसात शिजवतात. पेटीत काकडं नव्हती, मग चिंच जास्त घातली आणि आईंनी आधी स्वतः चाखून पाहिलं. एक हात गळ्यात असलेल्या बाईनं पालेभाजी कशी निवडायची, हा प्रश्न होताच. शनिवारी संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून नवरा आणि आई निवडायला बसायचे, मी डाव्या हातानं देठं वेगळी करायचे. ज्यांच्याकडे निवडायला माणूस नाही त्यांनी ही पेटी घेऊ नये, पाला सडतो.

रविवारी रात्री बाहेर जायचं आणि दर वेळी नवीन ठिकाणी, असा नेम केला. घरात बसून मी कोमेजले होते. लक्ष्मी रोडच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये, म्हणजे 1935 साली नानासाहेब सरपोतदारांनी सुरू केलेल्या, अनेकदा गेलेय. पण नवीन जागी जायचं म्हटलं की मला तेव्हा वेगळंच बघावं लागे. टेबल भिंतीशी आहे का, जिना आहे का, एका हातानं खाता येईल का. एका नव्या खानदेशी हॉटेलात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मागवली. ज्वारीत उडीद दळून केलेली ती भाकरी, वरून लोण्याचा गोळा. डाव्या हातानं ती मला मोडेना. वाढणारा मुलगा विशीचा असेल. तो काही न बोलता आत गेला, हात धुऊन आला, म्हणाला, "ताई, मोडून देऊ का?" आणि भाकरीचे घासाएवढे तुकडे करून ताटाच्या कडेला ओळीनं लावून दिले. शेवभाजी झणझणीत होती, पण चव लागली ती त्या भाकरीची. तिथे आम्ही तीनदा गेलो.

दुसऱ्या एका झगमगीत जागी बिलात 10 टक्के सेवाशुल्क आपोआप लावलं होतं. ते सक्तीनं घेता येत नाही, 2022 च्या नियमावर दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. नवऱ्यानं शांतपणे काढायला सांगितलं, त्यांनी काढलं. जो मुलगा भाकरी मोडून देतो त्याच्या हातात मी मनानं पैसे ठेवीन. बिलात दडवलेले त्याच्यापर्यंत पोचतात की नाही, कुणास ठाऊक.

काकू सापडल्या त्या भाजीच्या पेटीमुळे. पेटी पोचवणाऱ्यानं सांगितलं, मागच्या गल्लीत एक काकू आमच्याकडूनच भाजी घेतात, डबे देतात. या वेळी मी आधी चाचणीचा डबा मागितला नाही. त्यांच्या घरी गेले आणि प्रश्न विचारले. पोळ्या किती वाजता लाटता? तेल कोणतं? आठवड्यात बटाटा किती वेळा? आईंना भाकरी द्याल का? एखाद्या दिवशी जमणार नसेल तर कधी कळवाल? भिंतीवर अन्नसुरक्षा नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, त्यावरचा 14 आकडी क्रमांक. घरगुती डब्यालाही ही नोंदणी लागते, आणि क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. काकू रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "विचारा तुम्ही. पोटात जाणार आहे."

त्यांचं माहेर परळचं. त्यांची आई गिरणी कामगारांची खानावळ चालवायची, महिन्याचा हिशेब पगाराला. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यात काकूंच्या आईही होत्या. 1982 च्या संपात पगार थांबले तरी त्यांनी काही महिने उधारीवर वाढलं. काकू हे पोळ्या करता करता सांगत होत्या. तव्यावरून उतरलेली पोळी त्या सुपात पसरायच्या, वाफ गेली की तूप लावून सुती फडक्यात गुंडाळायच्या. चामट पोळीचं कोडं मला तिथे ओट्याशी उभी असताना उलगडलं.

13 जुलैपासून त्यांचा चार पुडांचा स्टीलचा डबा सुरू झाला, माणशी 100 रुपये. एक डबा आला की आदला धुऊन परत. श्रावण लागला तशी कांदा-लसूण बंद झाली, न सांगता. आईंना आठवड्यातून चार दिवस ज्वारीची मऊ भाकरी. पहिल्या आठवड्यात मी काही बोलले नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी आमटीचा पूड उघडला. चिंच-गुळाची आमटी होती, वर कढीपत्ता तरंगत होता. डाव घातला तर तळाशी डाळ लागली.

आता माझा हात बरा आहे, पोळ्या मी करते, फार जोर लावला की दुखतं. मंगळवार आणि शुक्रवार रात्रीचा डबा काकूंचाच. फोडणी घालायला नवरा उभा राहतो. आज सकाळी काकूंचा निरोप आला, उद्या अळूचं फदफदं आहे, किती माणसांचं पाठवू. मी चार लिहिलं, भाची येणार आहे.